गिअरबॉक्समधलं लाल तेल

साठचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी भाईंदरला आले त्याला तीन वर्षं झाली होती. सासऱ्यांची मिठागरं होती, भातशेती होती, आणि मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. लांबलचक, फिकट हिरवी. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. असली गाडी गावात कुणी पाहिली नव्हती. त्यामुळे ती नीट चालली की लोकांना शंका यायची आणि बिघडली की सासऱ्यांना.

ड्रायव्हर रत्नागिरीकडचा, तिशीतला, कमी बोलणारा. स्टेशनजवळ एका खोलीत बायकोबरोबर राहायचा. वर्षभर सगळं ठीक चाललं. मग घोडबंदरच्या रस्त्याला चढ आला की गाडी नुसती गुरगुरायला लागली, पुढे सरकेना.

सासरे रोज सकाळी स्वतः बॉनेट उघडून गिअरबॉक्समधलं तेल मोजायची पट्टी बघत. तेल खुणेपर्यंत असायचं. एकदा चढावर गाडी अडली तेव्हा त्यांनी तिथेच उतरून, इंजिन चालू असतानाच पट्टी काढली. तेल तळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बघितलं, तर पुन्हा खुणेपर्यंत!

"हा डायवर चांगला तेल काढून इकतो आणि जळका परत भरतो," सासरे मला म्हणाले. "तू नजर ठेव त्याच्यावर."

मी ठेवली. ओट्यावर तांदूळ निवडत बसायचं आणि डोळे गाडीकडे. तो कपडा पिळताना दिसला तरी मला वाटायचं, एवढा वेळ का पिळतोय? एके दिवशी तो पत्र्याचा डबा घेऊन गाडीमागून आला आणि मला पाहून थबकला. संध्याकाळी मी सासऱ्यांना सांगितलं. डब्यात काय होतं ते मी बघितलं नव्हतं. तेही सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही.

सकाळी सासऱ्यांनी त्याला अंगणातच उभं केलं. "उद्यापासून येऊ नको."

"शेठ, माझं चुकलं काय?"

"ते तुला म्हाईत हाय."

त्याने किल्ली ओट्यावर ठेवली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं.

आता गाडी कुठल्याच गॅरेजला द्यायची नाही, असं सासऱ्यांनी ठरवलं. गॅरेजवाले आतले चांगले पार्ट बदलतात, अशी त्यांची खात्री होती. तेल घरीच बदलायचं. माझा नवरा दहिसरच्या एका कारखान्यात फिटर होता, पाने चालवायचं काम त्याच्याकडे. मी मॅट्रिक झालेली, म्हणून गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचायचं काम माझ्याकडे. सासरे स्टूल टाकून देखरेखीला.

रविवारी सकाळी नवऱ्याने गाडी थोडी फिरवून गरम केली आणि शेताकडेच्या कोरड्या चरावर आणली, दोन्हीकडे चाकं आणि मध्ये चर. तो चरात उतरून पाठीवर झोपला. गिअरबॉक्सच्या खालच्या पत्र्याच्या तबकाचे बोल्ट एकेक करून सैल करून वर दिले. सासरे प्रत्येक बोल्ट हातात घेऊन धोतराच्या सोग्यात बांधत होते. तबक कलंडलं आणि ऊन तेल नवऱ्याच्या मनगटावरून घमेल्यात आलं. पुस्तकात लाल म्हटलं होतं. आलं ते काळपट, करपलेल्या वासाचं.

"बघ! जळका तेल! मी म्हनत न्हवतो?"

वर फिल्टर होता, म्हणजे बारीक तारेची जाळी. ती गाळाने पार लिंपली होती. नवऱ्याने ती रॉकेलमध्ये धुतली, वाळवली, तबकाची कड खरवडून नवं पॅकिंग बसवलं. सासऱ्यांनी घमेल्यातलं तेल मापून बघितलं. पुस्तकातल्या आकड्याच्या निम्मंही नव्हतं.

"बाकीचा गेला कुठं? त्यानेच पळवला."

मी पुढचं पान वाचलं. तिथे लिहिलं होतं की तबक काढलं तरी उरलेलं तेल आतल्या दुसऱ्या भागातच राहतं, ते बाहेर येत नाही. मी तसं सांगितलं. मग नवं तेल किती भरायचं ते शोधताना मला त्याखालची ओळ दिसली. ती मी आधी मनात वाचली, मग पुन्हा वाचली, आणि तेलाचा आकडा सांगायचा राहिला.

"काय झालं?" नवऱ्याने खालून विचारलं.

"तेलाची पट्टी इंजिन चालू ठेवूनच बघायची. इंजिन बंद केलं की आतलं थोडं तेल खाली तबकात उतरतं आणि पट्टी जास्त दाखवते."

सासऱ्यांनी तीनदा वाचायला लावलं. मी मुद्दाम उलटं सांगत्येय, असं त्यांना वाटलं असावं. तेल भरून झाल्यावर त्यांनी स्वतः पट्टी बघितली, इंजिन चालू असताना आणि बंद केल्यावर. पुस्तक खरं बोलत होतं. गाडीत तेल मुळातच कमी होतं, म्हणून ते करपलं होतं आणि जाळी तुंबली होती. चोरी कुणी केली नव्हती.

दोन दिवस ते जेमतेम जेवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, पुस्तक घे. चल."

ड्रायव्हर स्टेशनजवळच्या त्याच्या खोलीच्या दारातच भेटला. त्याला ट्रकवर काम मिळालं होतं. सासऱ्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि परत ये म्हणाले.

"नाही शेठ, आता नाही," तो म्हणाला. "फक्त हे एवढं माझ्या बायकोसमोर सांगा."

ती आतून आली. मी तिला पुस्तकातला तो मजकूर मराठीत सांगितला. डबा मी बघितला होता आणि आत न बघताच सांगितलं, हेही सांगितलं.

"रेडिएटरचं पाणी होतं त्यात, वहिनी," तो म्हणाला.

"मला ठाऊकच होतं," ती घाईने म्हणाली, "ह्यांनी काही केलं नसणार."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. चहा घेऊन जा, असं ती दोनदा म्हणाली. आम्ही चपला घातल्या. त्यानंतर गाडी माझ्या नवऱ्यानेच चालवली.