माझ्या ताटावरचा नवस

धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी बारा. त्याच आठवड्यात आमच्या घराचे दोन तुकडे झाले. माय त्याला घेऊन नागपूरच्या दवाखान्यात राहायला गेली. सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात उरलो बाबा आणि मी. बाबा गावतलावावर मासोळ्या मारत आणि दर आठ दिवसांनी एसटीनं नागपूरला डबा पोचवत. स्वयंपाक, पाणी, भांडी माझ्याकडे आली. मला शाळाही होती, पण ते फक्त शाळेच्या लक्षात होतं.

भेटायला येणाऱ्यांचा तोटा नव्हता. पोरगा नागपुरात, आणि लोक भेटायला आमच्या ओसरीवर. सफरचंदं, बिस्किटाचे पुडे माझ्या हातात द्यायचे आणि वर बजावायचे, "त्याच्यासाठी हाय बरं हे, तू नको खाऊ. तू तर ठणठणीत हायस." मग माझ्याच हातचा चहा पीत माझ्याच समोर एकमेकांना सांगायचे, की अमक्या गावचा एक पोट्टा असाच होता, तो काही वाचला नाही. एवढा धीर देऊन झाला की उठायचे.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्या शेजारच्याच घरात राहायची. तिनं एका मंगळवारी मातामाईपुढं नारळ फोडला आणि नवस बोलली, की पोट्टा बरा होऊन घरी येईपर्यंत त्याची बहीण मासोळी खाणार नाही. त्याची बहीण त्या वेळी भूगोलाच्या तासाला बसली होती. तिला संध्याकाळी कळवण्यात आलं.

"मले काहून नाही विचारलं?" मी म्हणाले.

"तुले का विचारायचं? बहीण हायस न तू त्याची."

"मंग तू आत्या हायस न."

"माही तब्येत आधीच नरम रायते, पोरी."

हे सांगताना तिच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. देवासाठी तोही सोडता येतो, हे तिला सुचलं नाही.

दुसऱ्यांच्या घरी आमटी असते तसा आमच्या घरी मासोळीचा रस्सा असतो. तो नसेल तर मग भातासोबत नुसती डाळ. मोठ्या बहिणीपुढं बाबांचं तोंड उघडत नसे. मी मासोळ्या साफ करायची, कापायची, रांधायची, मीठ अंदाजानं टाकायची, बाबांना आणि आत्याला वाढायची आणि स्वतः लाखोळीची डाळ घेऊन बसायची. बाबा माझ्या ताटाकडं बघायचं टाळत. तेवढी लाज त्यांना होती.

दोन महिने मी नवस पाळला. मग एका दुपारी घरी कोणी नव्हतं आणि वाळत घातलेल्या झिंग्यांचा वास सुटला होता. मी मूठभर तव्यावर टाकले, मीठ-तिखट भुरभुरलं आणि उभ्यानंच खाऊन टाकले. खोटं कशाला सांगू, काय चव होती!

चौथ्या दिवशी मायचा फोन आला. त्याला ताप भरला होता, रक्तातल्या पेशी कमी झाल्या होत्या, औषधाचा पुढचा डोस थांबवला होता. मी बोटांवर दिवस मोजले. हिशेब चोख जुळत होता. भावाला मीच आजारी पाडलं होतं.

हे सांगणार कुणाला? मी मासोळीच काय, भातही अर्धा केला. परीक्षेत नापास झाले. गळ्याची हाडं दिसायला लागली, तेव्हा गाव खूश झालं. ओसरीवर मला उभी करून लोक आपल्या पोरींना दाखवायचे, "पाहा, भावापायी कशी वाळून राहिली. याले म्हनते बहीण." उपाशी पोरीचं इतकं कौतुक मी नंतर कुठं पाहिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला नागपूरला घेऊन गेले. वॉर्डात समुपदेशन करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी मला बाजूच्या खोलीत बसवलं, कागद आणि रंगीत खडू दिले आणि मनात येईल ते काढायला सांगितलं. सातवीतल्या पोरीला बालवाडीचे खडू. मी दोन डोंगर आणि मधून सूर्य काढून दिला. शाळेत तेवढंच शिकवलं होतं.

ताईंनी चित्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तू कशी आहेस?"

"ताप उतरला त्याचा."

"त्याचं नाही विचारलं. तुझं विचारलं."

सहा महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तोंडातून निघालं ते झिंग्यांचं. नवस, तवा, चौथा दिवस, सगळं. ताई हसल्या नाहीत, "असं काही नसतं" असं म्हणून मला उडवूनही लावलं नाही. त्यांनी सरळ डॉक्टरांना खोलीत बोलावलं. डॉक्टर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. पेशी कॅन्सरच्या औषधानंच कमी होतात, मग ताप येतो, वॉर्डातल्या बऱ्याच पोरांना येतो, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "मी खाल्लं नसतं तरी आला असता?"

"आला असता."

मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा सांगितलं.

मग ताईंनी मायला बोलावून सगळं सांगितलं. मायनं माझं मनगट हातात घेऊन बघितलं आणि तिथूनच आत्याला फोन लावला. नणंदेपुढं ती एरवी मान वर करत नसे.

"बाई, नवस बोलाचा असन त सोताच्या ताटाचा बोलाचा."

"मी का वाईटासाठी बोलली का?"

"नाई. पन पोरगी माही हाय. थे आजपासून सगळं खाईन."

आत्या महिनाभर आमच्याशी बोलली नाही. देवाला मात्र राग आल्याचं कुठं दिसलं नाही.

भावाचे उपचार पुढं अडीच वर्षं चालले आणि संपले. आता तो कॉलेजात आहे आणि माझ्याशी भांडतो. मी बी.ए. केलं, मग समाजकार्याची पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आज मी त्याच वॉर्डात काम करते. पूर्वी तिथल्या नोंदणीच्या फॉर्मवर आई, वडील आणि पेशंट एवढेच रकाने होते. घरी आणखी कोणती भावंडं आहेत, त्यांची नावं काय, त्यांना आजाराबद्दल कोण सांगणार, हा रकाना दोन वर्षं मागे लागून मी त्यात टाकून घेतला. आता तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही.