सुलोचनामावशींचा अंगठा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, पण दया दाखवू नका. दया मला चालणार नाही.

सांगलीतल्या एका लहान कंपनीत मी हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो. बोट ठेवलं की ठसा वाचणारं मशीन. त्यातला सेन्सर बदलून नवा आला. दिसायला तसाच, पण आतून वेगळा. प्रत्येक सेन्सरला त्याची मापं, म्हणजे किती फिकट ठसा धरायचा ते, नव्यानं बसवावी लागतात. मी बसवली नाहीत. जुनीच उचलून टाकली, ऑफिसातल्या आम्हा पाचजणांची मऊ बोटं लावून पाहिली – आणि कागदावर ‘तपासलं’ असं लिहून सही केली. आळस? हो. दुसरं काय म्हणणार?

ती मशीनं रहिमतपूरच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. तिथं सुलोचनामावशी फरशी पुसायच्या. फिनेलनं त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. महिनाभर मशीननं त्यांना गैरहजर दाखवलं. दवाखान्याच्या मॅनेजरनं मला बोलावलं.

अर्ध्या तासात मला कळलं. चूक माझी होती – लॅपटॉपवर समोर दिसत होती.

तेवढ्यात मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आवं साहेब, मी रोज सातला येती. अंगठा लावून लावून दुखाय लागलाय. तुमचं मशीनच खुळं हाय!”

नर्सा हसल्या. आणि मला त्या बाईचा राग आला. फरशी पुसणारी बाई माझ्या कामाला खुळं म्हणते? खरं सांगतो, नोकरी जायच्या भीतीपेक्षा तो राग मोठा होता.

मॅनेजरनं विचारलं, “काय ते स्पष्ट सांगा. मशीन बिघडलंय का?”

मी म्हणालो, “मशीन ठीक आहे. माणूस आलं तर ठसा येतोच.”

नर्सांनी सांगून पाहिलं, मावशी रोज येतात म्हणून. तुम्ही एकमेकींना सांभाळून घेता, म्हणाला मॅनेजर. त्याच दिवशी मावशींना काढलं. अकरा वर्षांचं काम – गेलं. त्या गेटबाहेर पडल्यावर मी नवी मापं बसवली. मग कुणाचीच तक्रार आली नाही. मॅनेजरनं मला चहा पाजला. मी प्यालो.

मागच्या वर्षी सातारा स्टँडवर त्या दिसल्या, सुनेबरोबर. मला ओळखलं. सरळ समोर येऊन उभ्या राहिल्या.

“ह्योच त्यो,” सुनेला म्हणाल्या. “ह्यानं मला चार माणसांत खोटं पाडलं.”

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? नोकरी जाणार नव्हती. ऐकायला मॅनेजर नव्हता. दोन बायका होत्या फक्त.

मी म्हणालो, “मावशी, तुमचा गैरसमज होतोय. मी तो नव्हे.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, “चल गं. नजर चुकली आसंल माजी.”

आणि मी त्यांना तसंच जाऊ दिलं.