सुलतानाची खिलत आणि बाळापूरचा टॉवेल

एम.ए.ला इतिहासात मला तुर्की साम्राज्याचा पेपर आवडला. वजीर, दिवाण, फर्मान, सनद हे शब्द आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होतेच, त्यामुळे घरचेच वाटले. खिलत मात्र डोक्यात रुतून बसली. परदेशी वकील सुलतानाच्या भेटीला आला की आत नेण्याआधी त्याला सुलतानाकडचा हा झगा चढवत. मान द्यायचा आणि मोठा कोण तेही दाखवायचं.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीसाठी आखाडा बाळापूरचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून पसंत होता. मुलाच्या घरी बैठकीत होकार व्हायचा तेवढा बाकी होता. घरातला पहिला पदवीधर म्हणून बाबांनी मला पुढे बसवलं.

चहा झाल्यावर मुलाचे काका टोपी-टॉवेल घेऊन आले. आमच्याकडे पाहुण्यांचा मान असाच करतात. ते माझ्यासमोर आले आणि मला एकदम तो झगा आठवला. आपण मुलीकडचे, म्हणून आपल्याला आत्ताच वाकवतायत, असं वाटलं. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, मी हे घेत नसतो."

बैठकीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टोपी नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

"काहून, पावनं? आमचा टावेल हलका हाय व्हय?" काकांचा आवाज चढला.

बाबा लगबगीनं उठले. "तसं न्हाई, सोयरे. पुस्तकं भरू भरू त्याचं डोकं फुगलं. टोपी बसंल का न्हाई म्हणून भेऊन राहिलं ते. आना इकडं."

सगळे हसले, काकाही. बाबांनी टोपी माझ्या डोक्यावर ओढून बसवली आणि काकांपुढे हात जोडले. ते स्वतः मात्र हसत नव्हते. त्या हशात ते माझ्याशिवाय कुणाला दिसलं नसावं.

"आता बराबर बसली," काका म्हणाले. "फोडा सुपारी."

बाहेर येताच बाबांनी घरी फोन लावला. "झालं गं बाई," एवढंच म्हणून माझ्या हातात दिला. पलीकडे बहीण हसता हसता रडत होती.

"दादा, बाबाला चार लोकांत बोलता येत न्हाई. तू व्हता म्हणून झालं."

बाबांना ते ऐकू गेलं होतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसती मान हलवून नको म्हटलं.

मी "बरं" म्हणालो.