डाव्या कानात जुनं, उजव्या कानात नवं

३१ जानेवारीला माझ्या मेव्हण्याने दुकानाचा गाळा सोडला. रंगकामाचा खर्च कापून मालकाने अनामतीपैकी अठरा हजार सातशे रुपये परत दिले. किल्ली देताना मी बरोबर होतो.

तो माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. घरात त्याला छोट्या म्हणतात. उंची सहा फूट, वय चोपन्न. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून त्याचं दुकान होतं. पोटापाण्यासाठी तो प्रिंटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करी. पण लांबलांबचे लोक त्याच्याकडे पार्सलं पाठवत ती वेगळ्याच कामासाठी. तीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटरवरचे खेळ आजच्या मशीनवर कसेबसे सुरू होतात, चित्रं हलतात, पण संगीत एक तर वाजतच नाही, नाहीतर ओळखू येणार नाही असं वाजतं. ते पूर्वीसारखं वाजवून देणं हे त्याचं काम.

मला त्याने ते एकदा नीट समजावलं होतं. त्या खेळांत बहुधा गाणं रेकॉर्ड केलेलं नसे. कुठला सूर, किती वेळ, कुठल्या वाद्यावर, एवढंच लिहिलेलं असे. वाजवायचं काम मशीनमधल्या साउंड कार्डाचं. "कागद तोच राहिला, भावोजी, वाजवणारे गेले," असं तो म्हणाला. नव्या मशीनमध्ये ते कार्ड नसतं. म्हणून एका प्रोग्रामला त्या कार्डाची नक्कल करायला लावायची आणि ती नक्कल कानाने जुळवायची.

जुळवण्याची रीत त्याची स्वतःची होती. टेबलावर डावीकडे पिवळट पडलेलं जुनं मशीन, उजवीकडे गिऱ्हाइकाचं नवं. दोन्हींवर एकच गाणं एकदम सुरू करायचं. हेडफोनची वायर त्याने अशी जोडली होती की डाव्या कानात फक्त जुनं यायचं आणि उजव्या कानात फक्त नवं. दोन्ही तंतोतंत सारखी झाली की दोन आवाज उरत नाहीत. एकच सूर डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. सूर मधे बसला की तो हेडफोन काढून चहा मागवायचा. त्याआधी कोणी चहाचं नाव काढलेलं त्याला खपत नसे.

गेल्या दोन वर्षांत त्याची नव्या मशीनबद्दल कुरकुर सुरू झाली. सूर मधे येतच नाही, डावीकडेच ओढला जातो, वरचे स्वर फार दबके आहेत, असं म्हणून तो ते वाढवत राही. पत्नी एकदा त्याचा डबा घेऊन गेली होती. स्पीकरवर जुळवलेलं गाणं चालू होतं. दुकानात पाय टाकताच कानांवर हात ठेवून तिने विचारलं, "गाणं आहे का कुकरची शिट्टी?"

"ताईला स्वयंपाकघराबाहेरचं काही ऐकू येतं का?" तो हसत म्हणाला.

गिऱ्हाइकांचेही दोन-तीन फोन आले. त्यात एक शिक्षिका होती. तिचा थोरला भाऊ अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. एक हात चालत होता, तेवढ्यावर खेळता येईल म्हणून तिने लहानपणीचा खेळ करून घेतला होता. भावाने अर्धा मिनिट ऐकलं, "हा आपला नाही" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. छोट्याने तिला शांतपणे सांगितलं की खऱ्या कार्डाशी ताडून पाहिलंय, इतक्या वर्षांनी माणसाच्या आठवणीत आवाज गोड होतो, दुसरं काही नाही. तिला ते पटलं. उगाच त्रास दिला, असं म्हणून तिने फोन ठेवला.

नोव्हेंबरात हेडफोनच्या गाद्या फाटल्या. पत्नीने जुन्या चादरीच्या कापडाची खोळ शिवून दोन्हींवर चढवली. तो हेडफोन द्यायला आम्ही दोघं दुकानात गेलो. त्याने हेडफोन घातला, गाणं लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. आता जुनंच मशीन दबकं वाजत होतं. वायरी हलवून झाल्या, मशीनवर एक थाप मारून झाली. मग त्याचं लक्ष गेलं की हेडफोनची वायर रोज डाव्या खांद्यावरून येते ती आज उजव्यावरून आली आहे. खोळीखाली डाव्या-उजव्याची खूण झाकली गेली होती आणि त्याने तो उलटा घातला होता.

त्याने तो सुलटा घातला. पुन्हा उलटा घातला. असं बऱ्याच वेळा केलं. पत्नीला वाटलं, गाद्या टोचतायत.

"शिवण चुकली का रे?"

"शिवण ठीक आहे, ताई. माझा उजवा कान गेलाय."

डॉक्टरांनी तपासलं. उजव्या कानाचे वरचे स्वर गेलेले, डावाही त्याच वाटेवर. यंत्र लावलं तर बोलणं ऐकू येईल म्हणाले. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "बोलणं ऐकून मी काय करू, भावोजी?"

दुसऱ्या दिवशी त्याने पहिला फोन त्या शिक्षिकेला केला. ऐकायला सोपं जावं म्हणून स्पीकरवर केला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. चूक माझ्या कानाची होती, तुमचे भाऊ बरोबर बोलत होते, मशीन पाठवा, मी नीट करून देतो, असं त्याने सांगितलं. भाऊ ऑगस्टमध्येच वारला होता. तिने विचारलं, "म्हणजे त्याला बरोबर आठवत होतं?"

"अगदी बरोबर."

"आम्ही त्यालाच समजावत बसलो हो," ती म्हणाली.

बाकीची अकरा मशीनं त्याने परत मागवली. येण्याजाण्याचा खर्च स्वतः सोसला. हेडफोन ताईच्या कानावर आणि हात त्याचे. जिला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही ती दुपारच्या दुपार स्टुलावर बसून सांगायची: डावीकडे, अजून डावीकडे, थांब, आता मधे. तिच्यावर विसंबून तो प्रत्येक मशीन बंद करायचा. शेवटच्या मशीनला मात्र त्याने हेडफोन मागून घेतला आणि गाणं पूर्ण होईपर्यंत काढला नाही.

"नक्की मधे आहे ना, ताई?"

"नक्की."

"मला पार एका कडेला आहे," तो म्हणाला आणि पार्सलला चिकटपट्टी लावायला बसला.

चहा कोणीच मागवला नाही.

आता तो रविवारी आमच्याकडे येतो. कानाचं यंत्र खिशात असतं. पत्नी मोठ्याने बोलते, तो मान हलवतो. जुनं मशीन त्याने विकलेलं नाही. ते आमच्या माळ्यावर आहे. त्या शिक्षिकेला तिचे पैसे परत करायचे ठरले होते. मजुरी पोस्टाने पाठवली, ती तिने घेतली. तिने तेव्हा पार्सलला भरलेले दोनशे साठ रुपये हिशेबात घ्यायचे राहून गेले. ते अजून द्यायचे आहेत.