गोधडीतला रोल

काल अंबरनाथ पश्चिमेच्या घरी माळा आवरताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि आईची गोधडी हाताला लागली. देशाबाहेर पहिल्यांदाच निघालेल्या आईने ती बदलापूर गावातून थेट नेपाळला नेली होती, आणि टूरमधली सगळी मंडळी तिला हसली होती. बर्फाचे डोंगर बघून बसमध्ये चढलो तोच माझा कॅमेरा अडकला. रोल ना पुढे सरके, ना मागे. गाईड म्हणाला, "मॅडम, उघडा आणि नवीन टाका. हा रोल गेला समजा." उजेडात उघडला असता तर खरंच गेला असता. पण उल्हासनगरच्या स्टुडिओत मी सहा वर्षं अंधारात रोल काढले होते. "गेला की नाही ते मी ठरवणार," मी म्हटलं. आईने गोधडी दुहेरी करून माझ्या डोक्यावरून टाकली. "शिर गं बाय आत." बस खोळंबली, मागून हॉर्न वाजले, लोक कुरकुरले, मी बोटांनी चाचपत सगळी फिल्म परत डबीत गुंडाळली आणि मगच बाहेर आले. त्या रोलमधला एक फोटो आज माझ्या कपाटावर आहे. मागे बर्फ, पुढे आई, तिच्या खांद्यावर गोधडी. फोटोपुरती ती बाजूला ठेवा, असं गाईड दोनदा म्हणाला होता. आम्ही दोघींनीही ऐकलं नव्हतं.