नर्मदेच्या हाताचा डाग

आमच्या शिरोड्यात बाबलीच्या रोषणाईशिवाय लग्नाला लग्न म्हणत नाहीत. त्याचं शास्त्र सोपं: जितक्या ट्यूबा जास्त, तितका आनंद जास्त. एका लग्नात त्याने एवढा उजेड पाडला की नवऱ्याने टोपीखाली झाकलेलं टक्कल शेजारच्या वाडीतूनही दिसलं.

गेल्या वर्षी त्याची बायको नर्मदा गेली. तेव्हापासून त्याने घरातही खोलीमागे तीन-तीन ट्यूबा लावल्या. कोपऱ्यात काळोख म्हणून ठेवला नाही.

दिवाळीनंतर सिनेमावाले आले. दिग्दर्शिका सारिका दोन दिवस घरं बघत हिंडली आणि बाबलीच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबली.

"काका, हेच घर. फक्त काही बदलू नका हं."

आता पाहुणा 'काही नको' म्हणाला की त्याच्या पानात आणखी दोन घावणे वाढायचे, हे आम्हाला पाळण्यापासून ठाऊक. बाबलीने चार दिवसांत भिंती आकाशी रंगवल्या आणि दारावर लुकलुकणारी माळ सोडली.

सारिका आली आणि उंबऱ्यावरच बसली. "काका, तो डाग कुठाय?"

"कसलो डाग?"

"दाराशेजारचा. हाताचा, तेलकट. माझ्या गोष्टीतली आई वारलीय. ती पडद्यावर दिसणार नाही, तो डाग दिसणार होता."

बाबली भिंतीकडे बघत राहिला. ब्रश त्याच्याच हातात होता.

"नर्मदा थंय हात टेकायची," तो म्हणाला. "तीस वर्सां. माझ्या ध्यानातच इला नाय गो."

सजावटीचा धनेश काजळी, तेल आणि चहाचं पाणी घेऊन बसला. आधी भिंत मळवली, मग विचारलं, "एवढ्या उंचीवर?"

"खाली, रे. बुटकी होती ती. आणखी खाली. आता डावीकडे. उजव्या कडेवर कळशी असायची मा तिच्या."

सारिकाने सगळ्या ट्यूबा उतरवायला लावल्या. बाबलीने त्या स्वतःच उतरवल्या. मग सारिकाने स्वयंपाकघरात, चुलीच्या उंचीवर, एकच पिवळा दिवा ठेवला. "आई आत्ताच आत गेलीय असं वाटायला हवं," ती म्हणाली.

दारातून तिरपा उजेड डागावर पडला. सगळे गप्प. कॅमेरा चालू.

"अगो..." बाबलीने आत हाक मारली, आणि तोंडावर हात ठेवला.

अख्खा शॉट वाया गेला. सारिकाने तो पुन्हा घेतला.

घर होतं तसं करून द्यायचं ठरलं होतं, म्हणून शेवटच्या दिवशी धनेश आकाशी रंगाचा डबा घेऊन आला. बाबली डागासमोर आडवा उभा राहिला.

"ह्यो ऱ्हवांदे."

"काका, खोटा आहे तो. ट्यूब लावलीत की लगेच कळेल."

"म्हणान तर ट्यूब लावक नाय."

जत्रेत बाबली अजूनही आमचे डोळे दिपवतो. घरात मात्र तो एक पिवळा दिवा. परवा तिन्हीसांजेला गेलो, तर पाटाला ठेचकाळलो. "काय रे, गावभर उजेड आणि घरात आमचे पाय मोडतोस?" म्हणत मी तोल सावरायला भिंतीला हात लावणार, तेवढ्यात बाबली ओरडला, "थंय नको!"

मी तसाच खाली पडलो. त्याने हात धरून उठवलं, पण आधी भिंत बघितली.