दोन सर्व्हर, एकच पेटी

ग्वाल्हेरच्या एका पुरवठादाराने मला फसवलं. सर्व्हरच्या दोन पेट्या सांगून एकच दिली, आणि मी ती न बघता घेतली.

झाशीत सीपरी बाजारात माझं दुकान आहे. बंद पडलेले प्रिंटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. आज रक्ततपासणीच्या लॅबचे रिपोर्ट माझ्या सर्व्हरवर राहतात. बड्या बाजारातले कापडवाले माझ्याशी भाव करताना घामाघूम होतात. पण हा माणूस दारात उभा राहून मराठीत बोलला. इथे घराबाहेर मराठी कानावर पडतेच कुठे? बायकोने पोहे केले, तो मला काका म्हणाला, आणि एरवी स्क्रूसुद्धा मोजून घेणारा मी त्याची सर्व्हरची खोली न पाहताच हो म्हणालो.

"काका, एक मुख्य, एक राखीव. राखीव वेगळ्या पेटीत. निर्धास्त राहा."

रचना मला ठाऊक होती. तळाला लोखंडी पेटी. तिच्यावर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर, जे पेटीच्या ताकदीचे वाटे करतं. प्रत्येक वाट्यावर एक आभासी सर्व्हर, स्वतःला स्वतंत्र मशीन समजणारा. त्याच्या आत ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यावर माझा प्रोग्रॅम. मी रोज वरून दोन्ही सर्व्हर तपासायचो. दोन्ही ठणठणीत. वरून तळ दिसत नाही.

गेल्या महिन्यात तळाची डिस्क जळाली. दोन्ही सर्व्हर एकदमच गेले. मी फोन केला.

"राखीव चालू कर."

"काका, तोही त्याच पेटीवर होता. पण सर्व्हर तर दोन होते ना?"

"एका खाटेवर दोघांना झोपवून दोन खाटा दिल्या म्हणतोस?"

"चिडू नका. तुम्ही येऊन बघायचं होतं."

बघायचं होतं. ती चूक माझी. त्याच दुपारी मी ग्वाल्हेर गाठून खोली पाहिली. पेटी एकच.

लॅबच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "भैया, डायलिसिसवालों की पुरानी रिपोर्टें?" ते रिपोर्ट गेले होते. आता रुग्णांकडचे कागद मागवून मी एकेक आकडा पुन्हा भरतो आहे. आणि हा ग्वाल्हेरचा गृहस्थ बाईंना फोन करून सांगतो की डिस्क माझ्याच दुकानातल्या माणसांनी उडवली! काम माझ्याकडे ठेवायचं की काढायचं, ते बाई सोमवारी ठरवणार आहेत.

ठरवू देत. मी तोंड लपवणार नाही. त्यानेही सोमवारी बाईंच्या टेबलापुढे उभं राहावं आणि सांगावं: ती दुसरी पेटी कधी होती का? नव्हती, तर त्या रुग्णांना जबाब कोण देणार?